बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे वाढते वजन : घराने काय करावे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत फिरताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येते : "त्याले दुसरं सुख तरी काय आहे जी, खाऊ द्या." मायेपोटी ताटात भाताची रास पडते. पुढे तिशी-चाळिशीत तेच वजन साखर, रक्तदाब आणि गुडघेदुखी घेऊन येते. म्हातारे आईवडील त्याला उठवू-बसवू शकत नाहीत.

हा हावरेपणा नव्हे. आधी कारण शोधावे. फिट्ससाठीची सोडियम व्हॅल्प्रोएट, वागणुकीसाठीची ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन या गोळ्यांनी वजन वाढू शकते. गोळी मात्र मनाने बंद करू नका, फिट्स पुन्हा सुरू होतात. "वजन वाढले, दुसरे औषध चालेल का?" असे डॉक्टरांना विचारा. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईड मंदावण्याचा धोका जास्त असतो. वर्षातून एकदा टीएसएच तपासावे. तिसरे कारण म्हणजे, शाळा सुटली की दिवसभर खाट आणि टीव्ही.

आपल्या भागात अशक्त, हडकुळी माणसेही आहेत. म्हणून मोजल्याशिवाय खाणे कमी करू नका. बेंबीच्या रेषेत टेप लावा. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरपेक्षा, बाईची 80 पेक्षा जास्त असेल तर काळजी घ्यावी. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. घरात सर्वांचेच ताट बदला : अर्धे ताट भाजी, पाव वरण-उसळ, पाव भात. भाताची वाटी ठरवून ठेवा. चहातली साखर हळूहळू कमी करा. गप्प बसावा म्हणून बिस्कीट-कुरकुरे देऊ नका. शाबासकी, गाणे, सोबत फेरफटका हेही बक्षीसच आहे. बुद्धपौर्णिमेची खीर त्यालाही द्या, पण शेजाऱ्यांनी तीन-तीनदा वाढू नये.

सूचना एका वेळी एकच, सोपी. ताटाचे चित्र भिंतीवर लावा. चाललेल्या प्रत्येक दिवसासाठी कॅलेंडरवर त्याच्याच हाताने टिकली लावून घ्या. कोणती भाजी हवी, कुठे फिरायचे, हे त्यालाच विचारा. तो मोठा माणूस आहे.

जंगलालगतच्या गावांत वाघाचे भय आहे. अंधारात गावाबाहेर जाऊ नका. उजाडल्यावर गावातल्या रस्त्यावर किंवा विहाराच्या आवारात अर्धा तास चाला. सिकलसेल असेल तर उन्हात, धाप लागेपर्यंत चालवू नका, पाणी भरपूर द्या.

तिशीनंतर उपकेंद्रात साखर-रक्तदाबाची तपासणी होते, आशाताईंना विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 25 नुसार दिव्यांगाला उपचारात प्राधान्य आहे आणि ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत घराजवळ मोफत सेवा आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. "त्याला काय समजते" म्हणून कुणी तपासणी टाळली, तर कलमाचा आकडा सांगा. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.