डबा कुणाचा, गरज कुणाची?

श्रीखंडासाठी दही टांगले, की फडक्यातून टपटपणारे पिवळसर पाणी आपण खुशाल ओतून देतो. आमच्या चिरंजीवांनी परवा तसल्याच पाण्याचा भलामोठा डबा विकत आणला! चीज करताना निघणारे पाणी गाळून, वाळवून केलेली ही भुकटी. तिलाच ‘व्हे प्रोटीन’ म्हणतात.

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन. उरलेली २० टक्के या व्हेची. ती चटकन पचतात आणि स्नायूंच्या बांधणीला लागणारे ल्यूसीन त्यांत भरपूर असते. तेव्हा डबा खोटा नव्हे. पण भुकटी काही जोर-बैठका काढीत नाही!

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरावीत, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितले. मी वही घेऊन बसलो. साठ किलोच्या चिरंजीवांना पन्नास ग्रॅम हवीत. दूध, उसळ, अंडी मिळून ती केव्हाच भरली. पंचेचाळीस किलोच्या माझ्या आईला सदतीस हवीत. चहा-बिस्किटे आणि आमटी-भात मिळून वीसही भरेनात! उतारवयात स्नायू झिजतात. जिना चढताना तिचा हात कठड्याकडे का जातो, ते तेव्हा उमगले.

डॉक्टरांनी आधी तिची मूत्रपिंडे तपासली, मग पथ्य सांगितले: रोज वाटीभर उसळ, दही, दुधात चमचाभर ती भुकटी, आणि थोडा व्यायाम.

आता संध्याकाळी नातू आजीला खुर्चीतून दहादा उठबस करवतो. डब्याला खरा धनी मिळाला!