पेशीतला निरोप पुसणारी विकरे

छातीत कळ आली की जिभेखाली धरायची नायट्रेटची गोळी अनेक घरांतील औषधांच्या डब्यात हाताशी ठेवलेली असते. हृदयविकाराच्या रुग्णाला ती तातडीचा दिलासा देते. मात्र त्याच रुग्णाने काही तासांपूर्वी लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिल घेतले असेल, तर हीच गोळी त्याचा रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली आणू शकते. आपापल्या जागी उपयुक्त असलेली ही दोन औषधे एकत्र येताच घातक का ठरतात, याचे उत्तर फॉस्फोडायएस्टरेज या विकरांच्या कामात दडलेले आहे.

ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके रक्तातून पेशीच्या दारापर्यंत येतात, आत मात्र शिरत नाहीत. मग त्यांचा निरोप आत कसा पोहोचतो? अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी १९५० च्या दशकात यकृताच्या पेशींवर प्रयोग करून हे कोडे उलगडले. पेशीच्या पटलाशी संप्रेरकाचा संबंध आला की आत एक लहानसा रेणू तयार होतो आणि साठवलेली साखर मोकळी करण्याचे काम तोच पुढे सुरू करतो, असे त्यांना आढळले. हा रेणू म्हणजे चक्रीय एएमपी. संप्रेरक हा पहिला दूत, तर हा दुसरा. या संशोधनासाठी सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चक्रीय जीएमपी हा याच जातीचा आणखी एक दूत आहे.

निरोप पोहोचणे जितके आवश्यक, तितकेच काम झाल्यावर तो पुसला जाणेही आवश्यक असते. तो पुसला गेला नाही तर पेशी जुन्याच आज्ञेवर राबत राहील आणि नव्या निरोपाला अर्थच उरणार नाही. ही जबाबदारी फॉस्फोडायएस्टरेज विकरांची. चक्रीय रेणूत फॉस्फेटचा गट दोन टोकांनी जोडलेला असल्याने कडे तयार होते. हे विकर त्यातील एक बंध तोडते, कडे उघडते आणि दूत निष्प्रभ होतो.

मानवी शरीरात या विकरांची २१ जनुके असून त्यांची ११ कुटुंबे मानली जातात. काही विकरे केवळ चक्रीय एएमपी तोडतात, काही केवळ चक्रीय जीएमपी, तर काही दोन्ही. प्रत्येकाचे ठिकाणही वेगळे. हृदयात एक प्रकार अधिक, दाह निर्माण करणाऱ्या पेशींत दुसरा, तर डोळ्यांत तिसराच. त्यामुळे एकच दूत शरीरात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी कामे करू शकतो.

डोळ्यांत तर निरोप पुसणे हाच निरोप ठरतो. अंधारात दृष्टिपटलातील पेशींमध्ये चक्रीय जीएमपी भरपूर असतो आणि तो पेशींच्या पटलातील मार्ग उघडे ठेवतो. प्रकाश पडताच सहाव्या कुटुंबातील विकर जागे होते, चक्रीय जीएमपी घटतो, मार्ग मिटतात आणि मेंदूला प्रकाशाची वर्दी मिळते. या विकराच्या जनुकात दोष असल्यास दृष्टिपटलातील पेशी हळूहळू मरू लागतात. रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारामागील अनेक कारणांपैकी हे एक आहे.

विकराला रोखले की निरोप अधिक काळ टिकतो. या तत्त्वावर अनेक औषधे उभी आहेत. चौथ्या कुटुंबाला रोखणारे रोफ्लुमिलास्ट फुप्फुसांच्या जुनाट दाहावर, तर ॲप्रेमिलास्ट सोरायसिसवर वापरले जाते. परंतु निरोप लांबवणे नेहमीच हिताचे नसते. तिसऱ्या कुटुंबाला रोखणारे मिलरिनोन हृदयाच्या आकुंचनाला बळ देते. म्हणून तीव्र हृदयदौर्बल्याच्या १,०८८ रुग्णांवर ते पोटातून देऊन पाहिले गेले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत औषध घेणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक आढळले. थकलेल्या हृदयाला सतत धावण्याची आज्ञा देणे महागात पडले होते.

सिल्डेनाफिल पाचव्या कुटुंबाला रोखते. फायझर कंपनीने इंग्लंडमध्ये ते हृदयशूलावरील औषध म्हणून तपासण्यास आरंभ केला होता. तो हेतू साधला नाही. पण चाचण्यांतील पुरुषांमध्ये दिसलेल्या अनपेक्षित परिणामामुळे १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला लैंगिक दुर्बलतेसाठी मान्यता मिळाली. पुढे २००५ मध्ये फुप्फुसांतील धमन्यांच्या उच्च रक्तदाबावरही ते मान्य झाले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचा उलगडा होतो. नायट्रेटच्या गोळीतून नायट्रिक ऑक्साइड मिळतो आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत चक्रीय जीएमपी वेगाने तयार होऊ लागतो. स्नायू सैलावतात, वाहिन्या रुंदावतात. एरवी पाचव्या कुटुंबातील विकर हा साठा आवरते. सिल्डेनाफिलने नेमके तेच रोखलेले असते. नळ पूर्ण सोडून मोरीला बोळा लावावा, तशी ही अवस्था. वाहिन्या प्रमाणाबाहेर सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो.

म्हणूनच सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळावे, असा वैद्यकीय दंडक आहे. ज्यांना नायट्रेट नियमित चालू आहे, त्यांना ही औषधे वर्ज्यच. कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. तरीही संकोचापोटी ती परस्पर घेतली जातात आणि घरच्यांनाही कळू दिले जात नाही. अशा व्यक्तीच्या छातीत दुखू लागले, तर डब्यातील गोळी स्वतःहून न घेता १०८ ला दूरध्वनी करावा आणि कोणते औषध कधी घेतले, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चार शब्द बोलण्याचा तो संकोच क्षणभराचा असतो. लपवलेली गोळी मात्र जिवावर बेतू शकते.