दूरची वीज आणि जाळ्याचा तोल

स्वारगेटच्या भुयारी स्थानकातून 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो धावू लागली. तेथील फिरते जिने, दिवे, खेळती हवा आणि खुद्द गाडी, सारे विजेच्या आधारावर चालते. ही वीज नेमकी कोणत्या केंद्रातली, हे मात्र सांगता येणार नाही. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण विभागही उर्वरित देशाशी एका तालात जोडला गेला. सेकंदाला 50 आवर्तने हा तो ताल. तो कोठेही फार बिघडला तर त्याचा धक्का स्वारगेटपर्यंत पोहोचू शकतो.

नवी वीज मात्र शहरांपासून दूर तयार होत आहे. धुळे जिल्ह्यातील साक्रीचे सौरकेंद्र पुण्यापासून अडीचशे किलोमीटरांहून लांब आहे. कच्छमधील खावडा येथे 30,000 मेगावॅटचा प्रकल्प आकार घेत आहे आणि तो हवाई अंतरानेच सुमारे 700 किलोमीटरांवर आहे. ऊन आणि वारा जेथे आहे तेथेच ही केंद्रे उभी राहणार, हे उघड आहे. प्रश्न आहे तो जाळ्याच्या तोलाचा.

रसवंतीच्या चरकाला जड चाक असते. उसाचे जाड कांडे आत गेले तरी ते चाक चरकाला अडू देत नाही. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील अवजड जनित्रे जाळ्यासाठी हेच काम करतात: एखादे केंद्र अकस्मात बंद पडले, तर त्यांच्या फिरण्यात साठलेली शक्ती पहिले काही क्षण ताल सावरते. सौरपट्ट्यांत फिरणारे काहीच नसते. त्यांची वीज इलेक्ट्रॉनिक परिवर्तकातून जाळ्यात येते. त्यात लांब वाहिनीची अडचण मिसळते. तिच्यावर भार नसला की दूरच्या टोकाचा दाब चढतो, भार वाढला की तो घसरतो. आणि सौरवीज वाहणारी वाहिनी दुपारी भरलेली, तर रात्री बहुधा रिकामी असते.

28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियाला याचा अनुभव आला. वादळात वाहिन्यांचे मनोरे कोसळले, दाब वारंवार खाली गेला आणि अनेक पवनकेंद्रांनी आपल्या संरक्षक यंत्रणेनुसार वीज एकदम कमी केली. शेजारच्या राज्याशी जोडणारी वाहिनी त्या ओढीने सुटली व सारे राज्य अंधारात गेले. दोष वाऱ्याचा नव्हता. यंत्रांना दिलेल्या मर्यादांचा होता. त्या मर्यादा पुढे बदलण्यात आल्या आणि 2021 मध्ये तेथे चार समकालिक संघनित्रे बसली. ही यंत्रे वीज निर्माण करीत नाहीत. ती फिरत राहून दाब आणि ताल सांभाळतात.

महाराष्ट्राकडे या कामी मोलाचे साधन आहे. कोयनेची 1,960 मेगावॅटची जनित्रे मागणीनुसार झटकन चालविता येतात. घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प पाणी वर चढवून शिल्लक वीज साठवू शकतो. जाळ्याला स्वतः ताल देणारे परिवर्तकही आता बनू लागले आहेत. परंतु या सर्वांना पैसा लागतो, आणि सर्वांत स्वस्त युनिटच्या जाहीर आकड्यात तो खर्च दिसत नाही. सौरवीज स्वस्त आहे, हे खरेच. पण ती सुखरूप पोहोचविण्याचा आणि तोलून धरण्याचा खर्च तिच्याच हिशेबात आरंभापासून मांडला पाहिजे. तो आज टाळला, तर उद्या अंधाराच्या रूपाने तो ग्राहकालाच चुकवावा लागेल.