बारभाईंचा कारभार

अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुली झाली, तेव्हा मुंबईकरांना एक अपूर्व दृश्य पाहावयास मिळाले. नवा पूल आणि त्याला मिळावयाचा जुना बर्फीवाला पूल हे दोघे एकमेकांसमोर येऊन थबकले होते, कारण दोहोंच्या उंचीत सुमारे दीड मीटरचे अंतर पडले होते. शहराने त्यावर मनमुराद विनोद केले. परंतु या विनोदाच्या पाठीमागे जो इतिहास आहे तो हसण्याजोगा नाही. ३ जुलै २०१८ रोजी या पुलाचा पदपथ रेल्वेच्या रुळांवर कोसळला आणि त्यात माणसे दगावली. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल बंद झाला. पुढील पंधरा महिने अंधेरीच्या दोन बाजू एकमेकींना दुरावल्या. शाळेतील मुलांपासून रुग्णवाहिकेतील रोग्यापर्यंत सर्वांना वळसा पडला. पूल पूर्णपणे खुला होण्यास मे २०२५ उजाडावे लागले.

हे का घडले? येथील अभियंत्यांना मोजमाप करता येत नाही, असे कोणी म्हणणार नाही. रुळांवरील पुलाची उंची रेल्वेच्या नियमांनी ठरते. पुढचा रस्ता महापालिकेचा असतो. प्रत्येकाने आपापले काम आपापल्या नियमानुसार केले असे जरी मानले, तरी दोघांच्या मधला जो दीड मीटर उरला, तो कोणाचाच नव्हता. मुंबईच्या कारभाराचे खरे दुखणे या दीड मीटरात आहे.

एका शहरावर येथे किती संस्थांची सत्ता चालते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १८८८ च्या कायद्याने चालणारी महापालिका आहे. १९७५ साली स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, राज्य रस्ते विकास महामंडळ, बेस्ट, बंदर, विमानतळ आणि दोन रेल्वे आहेत. कोणी दिल्लीला उत्तरदायी, कोणी मंत्रालयाला, तर कोणी नगरसेवकांना. यांपैकी कोणतीही संस्था निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु पावसाचे पाणी कोणाच्या हद्दीतून वाहते हे विचारून वाहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. त्यानंतर त्या नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले, आणि जेमतेम अठरा किलोमीटर लांबीच्या त्या प्रवाहाचे काम महापालिका व महानगर प्राधिकरण यांच्यात वाटून देण्यात आले. नदी एक, तिचे कारभारी दोन, आणि त्यांवर देखरेखीस तिसरा! १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळला, तेव्हा जखमी रुग्णालयात पोहोचत असतानाच ‘पूल कोणाचा’ हा वाद सुरू झाला होता. मालकीचा प्रश्न अपघातानंतर विचारावा लागणे, हे कोणत्याही कारभाराचे भूषण नव्हे.

अशा कारभाराला आपण मराठीत ‘बारभाईंचा कारभार’ म्हणतो आणि ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती’ असा उपहास करतो. या म्हणीने इतिहासातील बारभाईंवर थोडा अन्यायच केला आहे. नारायणरावांच्या वधानंतर राघोबादादांच्या हातून राज्य सोडविण्यासाठी नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी मुत्सद्दी १७७४ साली एकत्र आले आणि पुरंदरावर जन्मलेल्या अर्भकाच्या नावाने त्यांनी दौलत राखली. स्वभावाने व हितसंबंधांनी भिन्न असलेली माणसे एका कार्यासाठी एकदिलाने राबू शकतात, याचे ते उदाहरण आहे. परंतु संकट ओसरताच चार वर्षांच्या आत मोरोबादादा एकीकडे आणि नाना दुसरीकडे झाले. सखारामबापूंचा शेवट तर कैदेत झाला. कोणाचा अधिकार कोठे संपतो आणि मतभेद झाल्यास निवाडा कोणी करावयाचा, याचा काहीच बंदोबस्त नव्हता. संकटाने जमविलेली एकी संकटापुरतीच टिकते. मुंबईतही पूर आला, पूल पडला, की सर्व संस्थांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात. पाणी ओसरले की टेबलही रिकामे होते.

मग सर्वांना मोडून एकच संस्था करावी काय? असा प्रयोग या शहराने एकदा केलेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून नवे रस्ते काढणे, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत उभारणे अशी मोठी कामे त्याने केली. पण खर्चाचा वाटा पालिकेने उचलावा आणि कारभार मात्र निराळा चालावा, ही व्यवस्था खटके उडविल्यावाचून राहिली नाही. अखेर १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन करण्यात आला. तो निर्णय त्या काळी योग्यच होता. परंतु आजची रेल्वे पालिकेत विलीन होणार नाही आणि विमानतळही होणार नाही. तेव्हा वेगळे राहूनही एकत्र कसे वागावे, हाच खरा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने १९६५ साली शोधले. तेथेही भुयारी रेल्वे, सरकारी रेल्वे आणि बसगाड्या निरनिराळ्या संस्थांच्या हाती होत्या. तिकिटे निराळी, वेळापत्रके निराळी. त्या संस्थांनी करार करून एक वाहतूक संघ स्थापन केला. गाड्या ज्याच्या त्याच्याच राहिल्या, नोकरवर्गही ज्याचा त्याचाच राहिला. मात्र भाडे ठरविणे आणि वेळापत्रक आखणे या दोन गोष्टी त्यांनी संघाच्या स्वाधीन केल्या, आणि तिकिटांचे उत्पन्न एका थैलीत जमा करून ठरलेल्या सूत्राने वाटून घेतले. सर्व अधिकार कोणी सोडला नाही. पण जेवढा सोडला तेवढा लेखी सोडला, आणि त्याच्या पाठीशी पैसा ठेवला.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. तेथे गणिताचा शिक्षक आपला विषय आपल्या मताने शिकवी आणि संस्कृतचा आपल्या. परंतु तासाची घंटा मात्र कोणाच्याही खाजगी मालकीची नसे. सार्वजनिक संस्थांचे सहकार्य म्हणजे याहून फार गूढ असे काही नाही.

आपल्याकडे याची बीजे नाहीत असेही नाही. १९९९ साली स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वे मंत्रालयाचे ५१ आणि महाराष्ट्र शासनाचे ४९ टक्के भांडवल आहे. दोघांचा पैसा एका कामात गुंतला, म्हणून लोकलगाड्यांच्या विस्ताराचा प्रश्न केवळ पत्रव्यवहारात अडकून पडला नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांत एकात्मिक वाहतूक प्राधिकरणाचा पुरस्कार केला. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली असून, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडावेत असे सांगितले आहे. घटनेने दाखविलेला हा मार्ग आम्हास मोलाचा वाटतो, कारण समन्वय हे केवळ सचिवांचे काम मानले की नागरिक त्यातून हद्दपार होतो. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला निवडून आलेले सभागृहच नव्हते. पुलाची उंची चुकल्यावर जाब विचारण्यास नगरसेवकही नसावा, ही लोकशाहीला शोभणारी गोष्ट नव्हती.

तेव्हा आणखी एक समन्वय समिती नेमून भागणार नाही. प्रत्येक पूल, नाला आणि रस्ता कोणाचा, याची एकच जाहीर नोंदवही हवी. दोन संस्थांच्या हद्दी जेथे मिळतात, तेथील कामाचा आराखडा एक, निधी एक आणि जबाबदार अधिकारी एक असावा. मतभेद झाल्यास ठरावीक दिवसांत निवाडा व्हावा आणि तो निवडून आलेल्या सभागृहापुढे मांडला जावा. यांतील एकही गोष्ट अशक्य नाही. तिच्यासाठी प्रत्येक संस्थेने आपल्या अधिकाराचा थोडा अंश सोडावा लागेल, आणि नेमके तेवढेच सर्वांना जड जाते.

गोखले पूल आणि बर्फीवाला पूल अखेर जोडले गेले. जुना पूल उचलून नव्याच्या पातळीस आणण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. म्हणजे जे काम काँक्रीट ओतण्यापूर्वी एका कागदावर झाले असते, ते नागरिकांच्या पैशाने व नागरिकांच्या वेळेने नंतर करावे लागले. पुढचा पूल बांधण्यापूर्वी तो कागद तयार होतो की नाही, एवढेच मुंबईकरांनी आता डोळ्यांत तेल घालून पाहावे.