पुंगी, उपग्रह आणि शनी

वरातीत एक क्षण ठरलेला असतो. बँडवाल्याची क्लॅरिनेट किंवा बेंजो पथकातला कीबोर्ड नागाची ती धून उचलतो. एक जण रुमालाचे टोक दातांत धरून गारुडी होतो, दुसरा रस्त्यावर लोळण घेऊन फणा काढतो, आणि नवरदेवाचा घोडा जागचा हलत नाही. ही धून १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातली. ऐकणाऱ्याला ती थेट पुंगीतून आल्यासारखी वाटते. पण हेमंतकुमारांच्या त्या ध्वनिमुद्रणात पुंगीचे सूर वाजत होते क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या फ्रेंच वाद्यातून. ते वाजवत होते कल्याणजी वीरजी शहा, पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले थोरले म्हणून सर्वांना ठाऊक झालेले. जोडीला हार्मोनियमवर रवी होते.

आपल्याकडे हा किस्सा सिनेसंगीताच्या गप्पांत बऱ्याचदा निघतो आणि तिथेच संपतो. खरी गंमत मात्र त्याच्या पुढे आहे. ज्या काळात मुंबईत हे वाद्य बिळातला नाग बाहेर काढत होते, त्याच काळात लंडनमध्ये ते चंद्रावर निघाले होते. १९५३च्या सप्टेंबरात बीबीसी रेडिओवर चार्ल्स चिल्टनची ‘जर्नी इंटू स्पेस’ ही विज्ञानमालिका सुरू झाली. तिच्या संगीतात व्हॅन फिलिप्सने अवकाशाची जाणीव द्यायला जे वाद्य वापरले, तेही क्लॅव्हिओलिनच. एकीकडे वारूळ, दुसरीकडे चंद्र. सूर एकच.

हे वाद्य दिसायला अगदी साधे. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच अभियंत्याने ते १९४७मध्ये तयार केले. तीन सप्तकांच्या पट्ट्यांची एक छोटी पेटी आणि ॲम्प्लिफायर-स्पीकरची दुसरी, इतकाच पसारा. पट्ट्यांची पेटी पियानोच्या कडेला खालून अडकवायची, उजव्या हाताने तिच्यावर धून वाजवायची, डावा हात पियानोवर ठेवायचा आणि आवाज लहानमोठा करायला एक दांडी गुडघ्याने ढकलायची. पोटात व्हॉल्व्ह, समोर आवाजाची जात बदलणारे खटके. एका वेळी सूर एकच निघणार. नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या छोट्या ताफ्यांना थोड्या पैशांत चार वाद्यांचा आवाज मिळावा, हा त्याचा उद्देश. ब्रिटनमध्ये सेल्मर आणि अमेरिकेत गिब्सन या कंपन्यांनी ते बाजारात आणले.

त्यात पुंगी कुठून आली? क्लॅव्हिओलिनच्या मुळाशी विजेचे टोकदार स्पंद असतात. त्यांत वरच्या स्वरांची गर्दी असते, म्हणून आवाज नाकातला, किंचित चिरका येतो. पुंगीच्या भोपळ्यात लपलेल्या पात्यांचा आवाजही त्याच जातीचा. शिवाय गारुडी गालांत हवा साठवून श्वास तुटू देत नाही, आणि या पेटीला तर श्वासच नको. वीज आहे तोवर सूर अखंड. उणीव एकच होती. पट्टीवर मींड निघत नाही. ती कसर झटपट लागणाऱ्या कणस्वरांनी आणि सुराच्या थरथरीने भरून निघाली आहे. गाणे पुन्हा लक्ष देऊन ऐकले की बोटांची ती धावपळ कळते. यंत्र जुळवणाऱ्या माणसाच्या मनात नव्हते असे काहीतरी त्या यंत्रात ऐकू येणे, याला मी प्रतिभा म्हणते. कच्छी व्यापारी घरातले कल्याणजी गिरगावात मराठी-गुजराती शेजारात वाढले होते. ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ या नावाने त्यांचा वाद्यवृंद रंगमंचावर कार्यक्रम करत असे. समोर बसलेल्या माणसाला कोणता सूर ओळखीचा वाटेल याचा अंदाज अशाच रोजच्या वाजवण्यातून येतो.

विजेच्या सुराला अवकाशाचा पत्ता आधीच कुणीतरी लिहून ठेवला होता, हेही सांगायला हवे. १९२०च्या सुमारास पेत्रोग्राडमध्ये लेव्ह तेर्मेन याने हात न लावता वाजणारे वाद्य शोधले, तेच थेरेमिन. ऐकू न येणाऱ्या दोन उच्च कंपनांपैकी एक वादकाच्या हाताच्या जवळ-दूर होण्याने बदलते आणि दोघांतल्या फरकाचा सूर कानी पडतो. क्लारा रॉकमोर ही व्हायोलिनवादक. हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटल्यावर तिने या वाद्याला आयुष्य दिले. १९३४मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ती वाजवायला उभी राहिली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर भुतेखेते किंवा परग्रह नव्हते. तिला अभिजात संगीत वाजवायचे होते आणि ते तिने अखेरपर्यंत वाजवले. सिनेमाला मात्र वेगळेच हवे होते. सॅम्युएल हॉफमन या पायांच्या डॉक्टरांनी ‘रॉकेटशिप एक्स-एम’ आणि ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या चित्रपटांसाठी थेरेमिन वाजवले आणि तो कापरा सूर लोकांच्या कानात कायमचा परग्रहवासी झाला. त्यांच्याच १९४७च्या ‘म्युझिक आउट ऑफ द मून’चे संगीत नील आर्मस्ट्राँगने कॅसेटवर सोबत नेले आणि चंद्रावरून परतताना अपोलो ११मध्ये लावले. रॉकमोरच्या वाट्याला असा प्रवास आला नाही, याची मला हळहळ वाटते. सभागृहात तिचा हात दिसत होता. पडद्यावर हात दिसत नाही, नुसता सूर येतो. आणि ज्या सुराचा धनी दिसत नाही, त्याला माणूस लगेच दूरच्या जगात नेऊन ठेवतो.

लंडनच्या जो मीकला तर ते दूरचे जगच हवे होते. सक्तीच्या लष्करी सेवेत रडारवर काम केलेला हा माणूस हॉलोवे रोडवर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या खोल्यांत ध्वनिमुद्रण करी. त्याला वाद्य वाजवता येत नसे, चाल तो गुणगुणून दाखवी. १० जुलै १९६२ला टेलस्टार उपग्रह उडाला, अमेरिका आणि युरोप यांच्यात दूरचित्रवाणीची चित्रे ये-जा करू लागली, आणि ऑगस्टमध्ये मीकची ‘टेलस्टार’ ही धून टॉर्नेडोज या ताफ्याच्या नावाने बाजारात आली. तिची मुख्य चाल जेफ गॉडर्डने क्लॅव्हिओलिनच्या कुळातल्या कीबोर्डवर वाजवली. डिसेंबरात ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. उपग्रह स्वतः त्या वेळी मुका होता. अणुचाचणीने वाढलेल्या किरणोत्साराने त्याचे घटक बिघडले होते आणि नोव्हेंबरअखेर तो बंद पडला होता. चालचोरीचा आरोप करणारा फ्रान्समधला खटला मीकच्या बाजूने लागला, पण तोवर तो या जगात नव्हता. गाण्याचा पैसा त्याला हयातीत मिळाला नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो माणूस.

हर्मन पूल ब्लाउंटचा जन्म १९१४चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातला. काळ्या माणसाला वेगळे नळ, वेगळी दारे, वेगळ्या जागा, असे ते शहर. रेल्वे स्थानकासमोर मोठी पाटी होती, ‘मॅजिक सिटी’. या मुलाने पुढे जाहीर केले की आपण शनी ग्रहावरचे आहोत. १९५२मध्ये त्याने कायद्याने नाव बदलले आणि तो सन रा झाला. त्याच्या ताफ्याचे नाव आर्केस्ट्रा, म्हणजे नोआची नौका आणि वाद्यवृंद एका शब्दात. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणपतीतला रंगमंच, निवेदक आणि फर्माइशी आठवतात. सन राच्या मंचावर चमकते झगे, प्राचीन इजिप्तची शिरोभूषणे आणि नर्तकी असत. वादक वाजवत वाजवत प्रेक्षकांत उतरत आणि सगळे मिळून अवकाशाची गाणी म्हणत. पाहणाऱ्यांना ती वेशभूषेची हौस वाटली असेल. मला ती हौस वाटत नाही. ज्याला आपल्या जन्मगावात माणूस म्हणून जागा नाही, त्याने दुसरा ग्रह स्वतःचा म्हणणे हा हिशेब सरळ आहे.

१९६५मध्ये त्याने ‘द मॅजिक सिटी’ ध्वनिमुद्रित केले. सुमारे २७ मिनिटांचे ते वादन, नाव जन्मगावाच्या पाटीचे. दोनच वर्षांपूर्वी त्या गावातल्या चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांच्या बॉम्बने चार मुलींचा जीव घेतला होता. या वादनात सन रा पियानोच्या सोबतीने जे दुसरे वाद्य वाजवतो, ते क्लॅव्हिओलिन. आपल्या नागाचा तोच सूर! इथे तो चालीला बांधलेला नाही. पियानोच्या खोल आघातांवर तो एकटा तरंगतो, तुटतो, पुन्हा येतो. नागिनची धून कानात घेऊन मी हे ऐकायला बसले, तेव्हा जात ओळखू आली, पण भय वेगळे होते.

पुढे सन राने यंत्रे बदलली. १९६९मध्ये तो रॉबर्ट मूगच्या कारखान्यात गेला, तिथून मिनिमूग या सिंथेसायझरचा सुरुवातीचा नमुना त्याच्या हाती आला, आणि १९७०च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या फोंदासियों माग या कलासंस्थेच्या कार्यक्रमांत त्याने तो लोकांसमोर वाजवला. स्टुडिओतली बहुतेक मंडळी या यंत्रावर घासूनपुसून आवाज बसवत असताना हा माणूस भर मंचावर, ताफ्याच्या गदारोळात, खटके फिरवत आवाज शोधत होता. चुकलेला आवाजही तिथेच, सर्वांच्या देखत. विजेच्या वाद्याला हात परत मिळाला तो इथे, असे मला वाटते. गारुड्याचा नागही सुरावर डोलत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर आणि हातावर डोलतो.

सन रा १९९३मध्ये त्याच बर्मिंगहॅममध्ये वारला. आर्केस्ट्रा थांबला नाही. १९५८पासून त्यात असलेले सॅक्सोफोनवादक मार्शल ॲलन यांनी १९९५पासून तो सांभाळला आणि मे २०२४मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. सॅक्सोफोनबरोबर ते आणखी एक वाद्य वाजवतात. त्यात पाती नाही, भोपळा नाही, स्वतःचा सूरही नाही. आतल्या तारा सिंथेसायझरला जोडलेल्या असतात. पण ते वाजवायचे तर ओठ लावून फुंकावे लागते.