एका मिलिसेकंदाचा निवाडा

फोन कानाला लावून माणूस चार पावलं चालतो, तेवढ्यात त्याचा सिग्नल अनेकदा चढतो आणि कोसळतो. 4जीच्या 1800 मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरीची लांबी जेमतेम 17 सेंटिमीटर. थेट आलेली लहर आणि भिंतींवरून उलटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खोडून काढतात. इमारतींच्या गर्दीत साधारण आठ सेंटिमीटरला एक खड्डा लागतो. स्क्रीनवरच्या दांड्यांना याचा पत्ता नसतो, टॉवरला असतो. कारण फोन दर काही मिलिसेकंदांनी 0 ते 15 मधला एक आकडा त्याला कळवत राहतो. जितका मोठा आकडा, तितकी हवा मोकळी.

या आकड्यांवर काम चालतं ते शेड्यूलरचं. 20 मेगाहर्ट्झच्या 4जी टॉवरपाशी 180 किलोहर्ट्झचे 100 तुकडे असतात. ते कुणाला द्यायचे, याचा निर्णय त्याला दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा घ्यावा लागतो.

तारेवर हे सोपं होतं. 1989 मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी प्रत्येक प्रवाहाला समान वाटा देणारी रांग मांडली, पण तिथे तारेचा वेग ठरलेला. हवेत तो माणसागणिक आणि क्षणागणिक वेगळा. 1997 मध्ये लू, भरघवन आणि श्रीकांत यांनी त्यावर उधारीचा तोडगा सुचवला: ज्याची हवा खराब आहे त्याने आपली पाळी दुसऱ्याला द्यावी आणि हवा सुधारली की ती परत घ्यावी. उधारीला मर्यादा मात्र हवी, नाहीतर जुनी देणी फेडताना बाकीचे उपाशी राहतात.

सगळ्यांना सारखं वाटून दिलं की न्याय होतो, या समजुतीला 2003 मध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी धक्का दिला. वाय-फाय प्रत्येकाला पाठवण्याची सारखीच संधी देत होतं. पण 1 मेगाबिटवर अडकलेल्या यंत्राला तेवढंच पॅकेट पाठवायला कितीतरी जास्त वेळ लागे. परिणामी शेजारचं 11 मेगाबिटचं यंत्रही 1 मेगाबिटच्या खाली घसरे. वाटणी पॅकेटांची झाली होती, वेळेची नव्हे.

मोबाईलमध्ये उत्तर आलं ते सॅन डिएगोच्या क्वालकॉममधून. 1990च्या दशकाअखेरीस तिथे डेटासाठी नवी यंत्रणा घडत होती. तिचा सर्वांत कमी वेग 38.4 किलोबिट आणि सर्वांत जास्त 2457.6, म्हणजे 64 पट. नेहमी सर्वांत वेगवान फोनलाच पाळी दिली, तर टॉवरची एकूण कमाई वाढते, पण टोकावरचा ग्राहक तडफडत राहतो. तिथे वापरलेला, संशोधक डेव्हिड त्से यांच्या नावाशी जोडलेला नियम वेगळा प्रश्न विचारतो: या क्षणी याला मिळू शकणारा वेग, त्याला अलीकडे मिळालेल्या सरासरी वेगाच्या किती पट आहे?

टॉवरजवळच्या फोनला आत्ता 20 मेगाबिट शक्य आहे, त्याची सरासरी 10. गुणोत्तर 2. हद्दीवरच्या फोनला फक्त 3 शक्य आहे, पण त्याची सरासरी 1. गुणोत्तर 3. पाळी हद्दीवरच्याला मिळते. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चांगल्या क्षणी बोलावलं जातं, म्हणून हवा वाया जात नाही आणि कुणी कायमचा मागेही पडत नाही. सरासरी सतत नव्याने मोजली जाते. ज्याला मिळालं त्याचं गुणोत्तर आपोआप उतरतं आणि वाट पाहणाऱ्याचं चढत जातं. एका भागाकारात एवढं बसवणं, ही या क्षेत्रातली सर्वांत देखणी कामगिरी म्हणावी लागेल.

अर्थात टोकावरच्याला सारखा वेळ मिळाला, तरी सारखा वेग मिळत नाही. शिवाय फोनवरचं बोलणं चांगल्या क्षणाची वाट पाहत थांबू शकत नाही, म्हणून त्याला वेगळा अग्रक्रम द्यावा लागतो. आणि 4जीच्या मानकांत शेड्यूलरचा नियम लिहिलेलाच नाही. तो प्रत्येक उपकरण-उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. नव्या तंत्राची परीक्षा घेताना अभियंते सरासरीइतकंच महत्त्व तळाच्या 5 टक्के ग्राहकांना मिळणाऱ्या वेगाला देतात. कंपन्यांच्या वेगाच्या जाहिरातींतही सरासरीशेजारी तो आकडा छापला गेला पाहिजे, आणि ग्राहकांनी तो मागितला पाहिजे.