राबणं म्हणजे व्यायाम नव्हे

"दिवसभर अंग मोडून काम करतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता बाई?" वस्तीत बीपी तपासायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुधा चार घरची धुणीभांडी करणारी असते, नाहीतर झाडू खात्यातला कंत्राटी कामगार. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

कामात शरीराचा तोच तो भाग झिजतो. भांडी घासणारीची मनगटं आणि कंबर, ओझं वाहणाऱ्याचे गुडघे, बारा तास उभ्या सिक्युरिटीवाल्याच्या पोटऱ्या. कामाचा वेग आपण ठरवत नाही, मुकादम ठरवतो. जड उचलताना रक्तदाब चढतो आणि पुढचं ओझं समोर असल्यामुळे त्याला खाली यायला फुरसत मिळत नाही. व्यायामात ठोके थोडा वेळ वाढतात, मग विसावा मिळतो, आणि हळूहळू हृदय तेवढंच काम कमी ठोक्यांत करायला शिकतं. जड मेहनतीचं काम करणाऱ्यांना हृदयविकारापासून फारसं संरक्षण मिळत नाही, उलट काहींचा धोका वाढतो, असं परदेशातल्या संशोधनातही आढळलंय. तेव्हा राबणाऱ्या माणसाला पहिल्यांदा विश्रांती हवी. व्यायाम त्यानंतर.

विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही. 1946 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडलं होतं. आज आपलीच पोरं बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात आणि त्याला 'ड्युटी' म्हणतात. मॉलमध्ये, साडीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलींना गिऱ्हाईक नसलं तरी टेकायला स्टूल मिळत नाही. संध्याकाळी पाय सुजतात, पुढे शिरा फुगतात. केरळात कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला आणि 2018 साली बसण्याचा हक्क कायद्यात आणला. तमिळनाडूने 2021 साली तसाच कायदा केला. स्टूल मागणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

त्याहून मोठी गोष्ट संडासाची. कामाच्या जागी सोय नाही म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीला जळजळ, वारंवार ताप, ओटीपोटात दुखणं यातलं बरंचसं इथून सुरू होतं. अशा बाईला "भरपूर पाणी प्या" असा सल्ला देऊन काय उपयोग? चार जणी मिळून सोसायटीच्या सेक्रेटरीला, सुपरवायझरला भेटा. एकटीने बोललात तर काम जाईल ही भीती खरी आहे, म्हणूनच चौघी म्हणते.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणं. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. रिक्षावाले, शिलाई मशीनवर बसणाऱ्या, घरी मणी ओवणाऱ्या यांना याची जास्तच गरज आहे. उभ्याने काम करणाऱ्यांनी दर तासाला भिंतीला धरून टाचा वर-खाली कराव्यात, वीस वेळा. त्याने पोटरीतलं रक्त वर सरकतं. बादली किंवा पोतं उचलताना कंबरेत वाकू नका. गुडघ्यात वाका, ओझं अंगाजवळ घ्या, मग उठा.

जागा नाही, ही तक्रार खरीच. मैदानात गाड्या लागतात, उरलेल्या कोपऱ्यात टवाळ पोरं बसतात. पण विहाराचं अंगण आहे. संध्याकाळच्या वंदनेनंतर दहा-बारा जणी एकत्र निघाल्या तर रस्त्यावर कोणी काही बोलत नाही. सासूला बरोबर घ्या, मग घरातूनही कोणी अडवत नाही! मैदानातला बंद दिवा सुरू करून घ्यायचा अर्ज वॉर्ड ऑफिसला द्या आणि त्याची पोच घ्या.

तरुण पोरांबद्दल एक सांगते. जिमला जातात, चांगलं आहे. पण जिममध्ये कोणी देतो म्हणून इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊ नका. त्यांनी यकृत आणि हृदय दोन्ही जातात. डबाभर महाग पावडरीऐवजी अंडी, चणे, शेंगदाणे, मटकी खा.

मीठ दिवसाला एका माणसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. भाजीतलं मीठ मोजतो, पण पापड, लोणचं, फरसाण, खारवलेली मासळी मोजत नाही. उन्हात घाम गाळणाऱ्याने मीठ एकदम तोडू नये, पण पानात वरून घेणं बंद करावं. मिश्रीने दात साफ होतात हा गैरसमज आहे. ती भाजलेली तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरचं कारण.

तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी बीपी आणि साखर तपासा. आशाताई फॉर्म भरायला घरी आली तर खरी माहिती सांगा, तंबाखूचीसुद्धा. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर टेकवा. 140/90 किंवा जास्त आलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पुन्हा तेवढंच आलं तर दवाखाना गाठा. गोळी सुरू झाली की बरं वाटलं म्हणून ती मनाने सोडायची नाही. मी पाहिलेले अर्धांगवायूचे कितीतरी पेशंट असेच गोळी सोडलेले होते.

आणि पगाराची पावती काढून बघा. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर साधारणपणे ईएसआय लागू होतं. आपल्या पगारातून 0.75 टक्के कापतात, त्यावर घरच्यांनाही उपचार मिळतात. कंत्राटदार पैसे कापतो आणि पुढे भरत नाही, असंही घडतं. म्हणून विमा नंबर मागून घ्या, आणि तो घरात सगळ्यांना माहीत असू द्या.